फोंडा ते लिस्बन, आईच्या घड्याळाने

शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

निघायची वेळ संध्याकाळी पाचची, आणि पावणेपाचला आमच्या घरात खोबऱ्यावरून भांडण. आईने बॅगेच्या तळाशी सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या लपवल्या होत्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही. हातातल्या बॅगेतही नाही आणि खाली द्यायच्या बॅगेतही नाही. तेलामुळे पेट घेतं म्हणून २०२२ पासून बंदी आहे. पेढ्यांचा पुडाही बाहेर काढला, कारण बाहेरून येणाऱ्याला युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. नारळ मात्र त्यांच्याकडे चालतो. अननस, केळी, खजूर, नारळ आणि ते वासाचं ड्युरियन, एवढ्या पाच फळांना तिथे कागदपत्र लागत नाही. हे ऐकून आई म्हणाली, "नाल्ल चलता आनी खोबरें चलना? कसले रे हे लोक!" ती बोलते कोकणीत आणि वाचते मराठी, आमच्या फोंड्याकडे यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पेढे गाडीत खाल्ले. शेजारचा मुलगा गाडी चालवत होता, त्याला तीन मिळाले.

आई ७८ वर्षांची. माझी लेक सोनू दोन वर्षं लिस्बनला नोकरी करते. बायको मे महिन्यात जाऊन आली. दिवाळीची झाडलोट टाकून आता परत येणार नाही, तुम्ही मायलेक जा, असं तिने सांगून टाकलं. मी तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला, त्यामुळे जो तो मला एकच विचारत होता: लिस्बन किती लांब?

नेटवर टाकलं की आकडा येतो: सरळ रेषेत साधारण ८,३०० किलोमीटर, उड्डाणाचे दहा-एक तास. आकडा खरा आहे. फक्त गोव्याहून लिस्बनला थेट विमान नाही, त्यामुळे ते दहा तास कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. मुंबईहून दुबई, दुबईहून लिस्बन असं आमचं तिकीट. "एवढा वळसा?" असं म्हणणाऱ्या मेव्हण्याला मी कपाटातला जुना पृथ्वीगोल काढून दाखवला होता. गोव्यावर दोऱ्याचं एक टोक धरायचं, लिस्बनवर दुसरं, आणि ताणायचा. दोरा दुबईच्या अगदी कडेने जातो. भिंतीवरच्या नकाशात हे कळत नाही, कारण तिथे पृथ्वी सपाट केलेली असते. गोव्यातला मोपा विमानतळ ते मुंबई ३९०, मुंबई ते दुबई १,९३०, दुबई ते लिस्बन ६,१४०. बेरीज साडेआठ हजारांच्या आत. वळसा आहे तो सव्वाशे-दीडशे किलोमीटरांचा. दिल्लीवरून गेलो असतो तर हजाराच्या जवळ वाढले असते. मेव्हणा गप्प बसला. माझ्या नोकरीतली अशी यशं मोजकीच.

फर्मागुडी, म्हार्दोळ, बाणस्तारी. बाणस्तारीच्या पुलावर आईने दर वेळेसारखं सांगितलं की १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी जाताजाता पूल उडवला. ती तेव्हा पंधरा वर्षांची. पुढे पर्वरीला गाड्यांची कोंडी, म्हापशाला पुन्हा कोंडी. धारगळला नवीन रुंद रस्ता लागला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. साठेक किलोमीटरांना दोन तास. विमान तेवढं अंतर चार मिनिटांत कापतं. हे मी मोठ्याने बोललो तर मुलगा म्हणाला, "सर, विमानाला पर्वरी लागत नाही."

मोपाला चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. आई बसायला तयार होईना. "म्हाका कदेल कित्याक? हांव चलतां." खुर्ची ढकलणाऱ्या मुलीने शांतपणे सांगितलं, "आज्ये, बसल्यार रांग ना." आई बसली.

पावणेनऊचं विमान, दहा-पाचला मुंबई. आता माझी चूक कबूल करतो. साडेतीन हजार रुपये वाचवायला मी गोवा-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं होतं. दोन तिकिटं वेगळी असली की सामान आपोआप पुढे जात नाही. पट्ट्यावरून उचला, एका टर्मिनलहून दुसऱ्या टर्मिनलला गाडीने जा, पुन्हा वजन, पुन्हा रांग. पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करते, म्हणून मध्ये तास जास्त ठेवावे लागतात. आम्ही मुंबईत पावणेसहा तास काढले. त्यातला दीड तास आई एका लोखंडी बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपली आणि मी तिच्या चपला राखत बसलो. म्हातारं माणूस बरोबर असेल तर साडेतीन हजार वाचवू नयेत.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पहाटे तीन-पन्नासला मुंबई सोडली, तीन तास उडलो, आणि उतरलो तेव्हा दुबईत पाच-वीस. आईच्या मनगटावर एच.एम.टी. आहे, रोज चावी द्यायचं. त्यात सहा-पन्नास. "फुडें घालूं काय फाटीं?" तिने विचारलं. मागे, दीड तास, म्हणालो. तिने घड्याळाकडे पाहिलं, बाही त्याच्यावर ओढली आणि काटे तसेच ठेवले. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे.

साडेसातला लिस्बनचं विमान. आईला खिडकी. समोरच्या पडद्यावर नकाशा असतो तो तिने शेवटपर्यंत बदलू दिला नाही. सिनेमे बघणारे आम्ही दोघे नव्हे. मला मात्र नकाशात एक गोष्ट खटकली. दोरा ताणला तर दुबईहून इराकवरून जायला हवं. विमान सरळ पश्चिमेला सौदी वाळवंटावर गेलं, तांबडा समुद्र ओलांडला, इजिप्तवर नाईल दिसली आणि मग उजवीकडे वळून भूमध्य समुद्रावर आलं. १ ऑक्टोबरला इराणने इस्रायलवर क्षेपणास्त्रं सोडली होती, तेव्हापासून त्या भागातलं आकाश विमान कंपन्या टाळत होत्या. गोलावरचा दोरा युद्ध बघत नाही. शिवाय समोरून वारा. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे ते वरचे वारे जाताना आडवे येतात, येताना पाठीवर घेतात. पडद्यावर वेग ८३०-८४०च्या वर चढेना. आठ तास दहा मिनिटं.

नाईल आईने पाहिली नाही, झोपली होती. जागी झाली ती स्पेनवर. खाली तपकिरी डोंगर, चौकोनी शेतं, आणि मग एक नदी, वाळलेल्या पानाच्या शिरेसारखी. तिने विचारलं, "ही ग्वादियाना?"

मला उत्तर येत नव्हतं. भूगोलाचा मास्तर मी, पण ग्वादियाना मी कधी शिकवली नाही. पडद्यावर बोटांनी नकाशा मोठा केला. स्पेन आणि पोर्तुगालच्या सीमेवर नदी होती, नाव ग्वादियाना.

आईची शाळा पोर्तुगीज काळातली. सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या पायरीपर्यंत शिकली आणि नंतर घरी मराठी. त्या शाळेत मांडवी-जुवारी कुणी शिकवल्या नाहीत. पोर्तुगालच्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे घोकून घेतल्या. मिन्यु, दोरु, मोंदेगु, तेजु, सादु, ग्वादियाना. तिने त्या बोटांवर मोजत म्हटल्या, आम्ही परवचा म्हणायचो त्या चालीवर. शेजारच्या सीटवरच्या बाईने कानातलं काढलं आणि वळून बघायला लागली, पोर्तुगीज असावी. आई थांबली नाही. सहाही पुऱ्या झाल्यावर म्हणाली, पाटीवर एक चुकली तर छडी बसायची. आणि बाहेर बघायला लागली.

बारा-चाळीसला उतरलो. लिस्बनचा विमानतळ शहराच्या आतच आहे, त्यामुळे खाली येताना घरांच्या लाल कौलांवरून पाय घासत गेल्यासारखं वाटतं. कौलं बघून आईला पणजीतलं फोंतायन्यास आठवलं. सोनूच्या घरात पाऊल ठेवलं तेव्हा तिथे दोन-वीस, आईच्या एच.एम.टी.त सहा-पन्नास. संध्याकाळचे. आदल्या दिवशी पाचला निघालेलो. म्हणजे पंचवीस तास पन्नास मिनिटं, त्यात विमानं हवेत किंवा धावपट्टीवर होती ती साडेबारा तास. उरलेले पर्वरी, बाक, रांगा आणि खुर्च्या.

रविवार, २० ऑक्टोबर

रात्री एक वाजता स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मी उठून गेलो. आईने आंघोळ केलेली, केस ओले, चहाचं आधण ठेवलेलं. खिडकीबाहेर काळोख, समोरच्या इमारतीत एक दिवा.

"आई, रात्रीचा एक वाजलाय."

तिने बाही वर केली. "म्हजे साडेपांच जाले."

तिचं खरंच होतं. साडेपाचला उठून आंघोळ हे तिचं साठ वर्षांचं. लिस्बन गोव्यापेक्षा साडेचार तास मागे, उन्हाळी वेळ असेपर्यंत. आम्ही दोघांनी बिन दुधाचा चहा घेतला, दूध कुठे ठेवलंय ते कुणालाच माहीत नव्हतं. दुपारी तीनला आई जेवणाच्या टेबलावरच पेंगली.

सोमवार ते गुरुवार

यातलं फार सांगण्यासारखं नाही. सोनू ऑफिसला, आम्ही दोघे चढ-उतारांवर. लिस्बनच्या फरसबंद पायवाटा गुळगुळीत दगडाच्या आहेत; सकाळच्या दवात निसरड्या होतात, म्हाताऱ्यांनी रबरी तळाचे बूट घालावेत. अठ्ठावीस नंबरच्या ट्रॅममध्ये बसायला मिळत नाही. मार्तिम मोनिझ भागात कोथिंबीर, हिरवी मिरची, नेपाळी आणि बांगलादेशी दुकानं. लुमियारला राधाकृष्णाचं मोठं देऊळ आहे, तिथली वस्ती बरीचशी गुजराती, दीव आणि मोझांबिककडून आलेली. प्रसाद घेऊन आई एका गुजराती बाईशी पोर्तुगीजमध्ये बोलली. दोघींचं पोर्तुगीज दोन टोकांचं, पण कोबी, बटाटा, साबण, चावी एवढ्यावर बराच वेळ निघाला.

रोज रात्री आई अर्धा तास उशिरा उठत होती. गुरुवारी तीनला उठली. सोनू म्हणाली, "आजी लिस्बनला हळूहळू पोचतेय."

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

बेलें, लिस्बनचा नदीकाठचा भाग. इथूनच वास्को द गामा ८ जुलै १४९७ ला निघाला आणि २० मे १४९८ ला कालिकतला लागला. दहा महिन्यांहून जास्त. नंतरच्या आरमारांना वारे धरून निघालं तर सहा-सात महिने लागत. सुवेझ कालवा १८६९ मध्ये झाला आणि ते आठवड्यांवर आलं. आईच्या शाळेतल्या बाई सांगायच्या की लिस्बनची बोट तीन आठवडे घेते.

जेरोनिमुशच्या मठात गामाची कबर आहे. संगमरवरी, हात जोडलेला, पायाशी दोन-चार पर्यटक फोटो काढणारे. तो मेला कोचीला, २४ डिसेंबर १५२४ ला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला पाचशे वर्षं. पुरला कोचीतच. अस्थी पोर्तुगालला नेल्या १५३९ मध्ये, त्याही त्याच्या जहागिरीच्या गावी, विदिगैरा इथे. या मठात आणल्या १८८० ला. म्हणजे कोचीहून निघून इथे पोचायला त्याला साडेतीनशे वर्षं लागली. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, मध्ये मुंबईला थांबला असेल.

बाहेर नदीकाठी १९६० सालचं ते मोठं दगडी स्मारक आहे, जहाजाच्या आकाराचं. त्यात वर चढायला आईला रस नव्हता. तिचं लक्ष खाली गेलं. स्मारकासमोरच्या जमिनीवर रंगीत संगमरवराचं भलंमोठं होकायंत्राचं फूल आहे, पन्नास मीटर व्यासाचं, आणि त्याच्या मधोमध जगाचा नकाशा, चौदा मीटर रुंद. खंडं गुलाबी-तांबूस, समुद्र फिकट. लोक त्याच्यावरून चालत होते, एक पोरगा अटलांटिकमध्ये बसून आईस्क्रीम खात होता.

आईने लिस्बन शोधलं. त्यावर उजवा पाय ठेवला. मग गोव्याच्या जागेकडे बघत सरळ चालायला लागली, भूमध्य समुद्र, अरबस्तान, समुद्र. आठ पावलं. तिची पावलं लहान, गुडघ्यामुळे.

"आठ," ती म्हणाली. मग परत लिस्बनला आली आणि आता गामासारखी निघाली: आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने खाली, टोकाला वळसा, पूर्व किनाऱ्याने वर, आणि अरबी समुद्र तिरका कापून. आईस्क्रीमवाल्या पोराने पाय आखडते घेतले. आफ्रिकेच्या टोकाशी ती थांबली, मी धावत गेलो; नुसता दम घेत होती. एकोणीस पावलं.

नकाशातलं अंतर कसं ताणतं-आकसतं यावर मी तिला दोन शब्द सांगायला गेलो होतो. ती बाकावर बसून बूट काढून तळवे चोळत होती. मी गप्प बसलो.

कोपऱ्यावर १८३७ पासूनचं ते प्रसिद्ध पेस्ट्रीचं दुकान, त्यांचे अंड्याचे पिवळे पेस्तेल. आई अंडं खात नाही. मी चार खाल्ले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. सोनूने खाली मॉलमध्ये नेलं. संध्याकाळी बातमी आली की पहाटे इस्रायलने इराणवर हल्ला केला. परतीचं विमान तीन दिवसांवर होतं. कंपनीच्या ॲपवर काही बदल नव्हता, तरी मी रात्रीत चार वेळा उघडून पाहिलं.

रविवार, २७ ऑक्टोबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास मागे जातात. लिस्बनमध्ये ते पहाटे दोनला होतं. सोनू म्हणाली झोपा, फोन आपोआप बदलतो. मला बघायचं होतं. आईला आपली झोप येत नव्हती.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो, मध्ये माझा फोन उभा करून. भिंतीवर सोनूचं गोल घड्याळ, टेबलावर आईचं एच.एम.टी. फोनवर १:५८. १:५९. आईने चष्मा पुसला. आकडे बराच वेळ तिथेच, आणि मग काहीही न होता १:००. आवाज नाही, काही नाही. भिंतीवरचं घड्याळ दोन वाजवून पुढे चाललं होतं. एच.एम.टी.त साडेसहा.

"आतां कोणाचें खरें?"

सगळ्यांचंच, मी म्हणालो. फक्त फोंड्याचं अंतर आता साडेपाच तासांचं झालं. शुक्रवारी आठ पावलं होतं ते वाढलं का, असं तिने विचारलं. मी हसलो, पण तिने ते गंमत म्हणून विचारलं होतं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. सकाळी सोनूने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे केलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

साडेदहाला घर सोडलं. सव्वादोनचं विमान वेळेवर. वारा आता पाठीशी, पडद्यावर वेग हजाराच्या वर. तोच दक्षिणेकडचा रस्ता, तरी सात तास वीस मिनिटांत दुबई. जातानापेक्षा पन्नास मिनिटं कमी. पूर्वेकडे जाताना रात्र लवकर येते. भूमध्य समुद्रावर अर्ध्या तासात आकाश केशरी, जांभळं, काळं. आईने नद्या म्हटल्या नाहीत. तिच्या मांडीवर सोनूने दिलेला लोकरीचा शाल-मफलर, त्याची गाठ सोडत आणि बांधत होती.

बुधवार, ३० ऑक्टोबर

दुबई पहाटे एक-पस्तीस. मुंबई सव्वाआठच्या पुढे. पुन्हा माझं ते स्वस्त तिकीट, पुन्हा सामान, पुन्हा टर्मिनल. बारा वाजायला दहा कमी असताना विमान सुटलं. मोपाला एक-दहाला. बाहेर पडताच गरम ओला वारा तोंडावर. आईने स्वेटर तिथेच काढला.

शेजारचा मुलगा गाडी घेऊन आला होता, केसांत कागदाचा लगदा आणि हातांना काळा रंग. नरकासुर, दिवाळीच्या पहाटे जाळायचा पुतळा. आमच्या वाड्यावरचा यंदा वीस फुटी, डोळ्यांत दिवे. "सर, दोन दिवस झोपलोच नाही." सव्वातीनला घरी. तेवीस तास पंधरा मिनिटं, त्यातले साडेअकरा विमानांत.

मी आठला आडवा झालो आणि दगडासारखा झोपलो. पहाटे चारला ढोल आणि फटाक्यांनी जाग आली. आईचं अंथरूण रिकामं. घाबरून बाहेर आलो तर अंगणाच्या गडग्यापाशी ती उभी, लिस्बनचा मफलर खांद्यावर, आणि पोरं नरकासुराला ओढत रस्त्यावर आणत होती. एरवी या वेळेला तिला उठवून कारीट चिरडायला न्यावं लागतं. गेल्या कित्येक वर्षांत तिने नरकासुर जळताना पाहिला नव्हता.

"आज्ये, तूं जागी?" शेजारच्या मुलाने ओरडून विचारलं.

तिने बाही वर केली. एच.एम.टी. तिने कधीतरी बदललं होतं. कधी ते मला माहीत नाही, बहुतेक त्या रात्री स्वयंपाकघरात.

"म्हजे आजून साडेधाच जाल्यात," ती म्हणाली, आणि पोरांनी पेटवली तशी दोन पावलं मागे सरकली.